सापगावच्या खळ्यातले रेशमी बूट

एका बाईंचे बूट माझ्यामुळे कापले गेले. कापले त्यांनी स्वतःच्या हातांनी, विळा दुसऱ्या एका बाईंचा होता, आणि खोटं बोललो होतो मी, दोघींशीही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढच्या हकिकतीत हसण्यासारखं पुष्कळ आहे आणि हसण्याच्या भरात माझा गुन्हा लहान दिसायला लागतो. मी स्वतः ती सांगताना अनेकदा हसलो आहे. नंतर मात्र जेवण गेलेलं नाही.

महायुद्धाचे दिवस होते. मी शहापूरच्या शाळेत नवा मास्तर होतो, वय तेवीस, घर मुरबाडला. मुंबईवर बॉम्ब पडणार अशी आवई उठली तेव्हा तिथली माणसं ट्रंका उचलून मिळेल त्या गावी गेली. काही आसनगाव स्टेशनात उतरून शहापुरात आली. भीती ओसरल्यावर बहुतेक परतली. एक बाई मात्र राहिल्या, कारण मुंबईत त्यांचं कोणीच नव्हतं. दक्षिण अमेरिकेतल्या कुठल्याशा देशातून त्या एका नाचाच्या कंपनीबरोबर आल्या होत्या. युद्ध पेटलं, कंपनी फुटली, ज्याला जी बोट मिळाली त्यानं ती धरली, आणि ह्या मागे राहिल्या.

आमची ओळख पोस्टात झाली. त्यांना आईला पत्र धाडायचं होतं आणि पोस्टमास्तरांच्या मते तसा देशच नव्हता, कारण त्यांच्या तक्त्यात तो सापडत नव्हता. "मास्तर, ह्या बाईंना समजवा," ते मला म्हणाले, "दुसरा कुठलातरी देश लिहा म्हणावं." माझं इंग्रजी मॅट्रिकपुरतं आणि बाईंचंही तेवढंच मोडकं, त्यामुळे आमचं एकमेकांना चांगलं समजायचं.

त्यांचा नाच काय होता हे मला त्यांनी हळूहळू सांगितलं. त्यात दोन नाच एकत्र केलेले होते. एक बॅले: पायाच्या बोटांच्या अगदी टोकावर उभं राहायचं आणि अंगाला वजनच नाही असं हिंडायचं. त्यासाठी रेशमी कापडाचे, टोकाला लाकडासारखे टणक असे बूट लागत. दुसरा त्यांच्या देशातला टँगो: जमीन घट्ट धरून, मान ताठ ठेवून, जोडीदाराशी भांडण उकरून काढल्यासारखा. "माझे पाय शाळेत शिकले," त्या म्हणाल्या, "आणि कंबर घरी शिकली."

त्या वर्षी दिवाळीनंतर त्यांना मुंबईहून एक पत्र आलं. एका नाटकगृहाचे व्यवस्थापक मोटारीनं नाशिकला निघाले होते. आग्रा रोडवर शहापूरला ते दुपारी तासभर थांबणार होते. त्या तासात बाईंनी नाचून दाखवायचं. पसंत पडलं तर मुंबईच्या रंगमंचावर जागा, नाही तर आहे तिथेच. बाईंनी ते पत्र मला तीनदा वाचायला दिलं. मी तीनदा वाचलं. मग त्या म्हणाल्या, "जमीन कुठे आहे?"

प्रश्न खरा होता. त्यांच्या भाड्याच्या खोलीत मधोमध उखळ पुरलेलं होतं. आमच्या शाळेच्या हॉलमध्ये फरश्या उखडल्या होत्या, आणि फरश्या धड असत्या तरी हेडमास्तरांनी नाच हा शब्द ऐकताच चष्मा काढून पुसायला घेतला, ह्याचा अर्थ आम्हां मास्तरांना ठाऊक होता. मी बाईंना म्हणालो, "मी बघतो."

माझ्या आयुष्यात जे जे बिघडलं ते बहुतेक ह्या दोन शब्दांनी बिघडलं आहे. समोरच्याला नाही म्हणणं मला जमत नाही. तो माझा चांगुलपणा आहे असं मी बरीच वर्षं समजत होतो.

शहापूरला लागून सापगाव आहे. तिथल्या एका मावशींकडून माझ्या खोलीवर ताक यायचं. पन्नाशीच्या विधवा बाई, घरची भातशेती स्वतः करायच्या. त्यांच्या घरामागचं खळं नुकतंच तयार झालं होतं. ज्यांनी खळं पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: जमीन खणून, पाणी मारून, लाकडी चोपण्यानं चोपून चोपून सपाट करायची आणि वर शेणानं तीन-चारदा सारवायची. मधोमध एक खांब पुरायचा, त्याला तिवडा म्हणतात. त्याच्याभोवती बैल फिरवून भात मळायचं. भाताच्या पेंढ्यांच्या उडव्या शेजारी रचून तयार होत्या. मळणी आठवडाभरावर होती. मावशींचं खळं पंचक्रोशीत नावाजलेलं. त्यावर बोट फिरवलं तर बोटाला काही लागत नसे.

"नाचाया?" मावशी म्हणाल्या. "माज्या खल्यात?"

"तासभरच, मावशी."

"कशापायी नाचतेय ती?"

"पोटासाठी."

हे मी खरं बोललो. "पोटासाठी असंल तर नाचू दे," मावशी म्हणाल्या. " खलं पन पोटासाठीच हाय. पन मास्तर, रास घरात जाईपरत खल्यात पायतान चालत नाय. अनवानी नाचंल ना?"

"अनवाणी नाचेल."

"आन् तिवडा हलवायचा नाय."

"नाही हलवणार."

संध्याकाळी बाईंकडे गेलो. "जमीन लाकडाची आहे?" त्यांनी विचारलं.

"लाकडाहून चांगली."

"कशाची?"

शेण हा शब्द माझ्या तोंडून निघेना. मुंबईच्या हॉटेलातल्या चकचकीत जमिनीवर नाचलेल्या बाई त्या. आपल्या गावाची लाज जाईल असं वाटलं. मी म्हणालो, "हा एक देशी गिलावा आहे. फार जुनी पद्धत."

"आणि माझे बूट त्यावर चालतील?"

"हो," मी म्हणालो.

म्हणजे एका दिवसात मी दोघींना दोन हो दिले, आणि दोन्ही एकाच खळ्यात मावणारे नव्हते. हे मला कळत नव्हतं असं नाही. ऐन वेळी कोणीतरी समजून घेईल, असा माझा बेत होता. तो कोणीतरी म्हणजे मी सोडून कोणीही. खरं बोललो असतो तर हाताशी चार दिवस होते. लाकडाच्या वखारीतून फळ्या आणून कुठेही अंथरता आल्या असत्या. वखारवाले माझ्या वडिलांच्या ओळखीचे होते. हे मला त्या दिवसापासून आजपर्यंत आठवतंय.

इकडे मावशींनी पाहुणी नाचणार म्हणून खळं पुन्हा दोनदा सारवलं आणि कडेनं रांगोळी काढली. बातमी मुरबाडपर्यंत गेली आणि तिथून थेट वैशाखऱ्यापर्यंत पोचली, आणि जाताना वाढत गेली. ठरलेल्या दिवशी माझे वडील दोन बैलगाड्या भरून माणसं घेऊन आले. त्यांतल्या एकानं मला बाजूला घेऊन विचारलं की बाई तिवड्यावर चढून नाचणार हे खरं का.

रॉकेल मिळत नव्हतं म्हणून कार्यक्रम भर दुपारी. व्यवस्थापकांसाठी शाळेतली एक खुर्ची आणली होती. ते आले तेच गाडीचं तोंड उघडून तिच्यात पाणी घालून घ्यायला विहिरीकडे गेले. बाकीची शंभरेक माणसं उडव्यांच्या सावलीला बसली. बाई लांब कोट घालून आल्या. तो त्यांनी काढला तेव्हा आत लाल झालरींचा घेरदार परकर होता आणि वर तंग पोलकं, त्याला बाह्या नव्हत्या.

"परकर आपल्यासारखाच हाय गो," एक बाई म्हणाली.

"व्हय, पन बाह्या घरी इसरली."

"तिकडं कापड कमी असंल. लढाई चाललेय ना."

बाई खळ्याच्या काठावर बसल्या आणि त्यांनी पिशवीतून बूट काढले. फिकट गुलाबी, रेशमी, लांब फितींचे. मी ते प्रथमच पाहिले. त्या फिती घोट्याभोवती गुंडाळू लागल्या आणि शंभर माणसं मावशींकडे बघायला लागली.

"मास्तर," मावशी म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "हे काय?"

त्या क्षणी मला खरं बोलता आलं असतं. व्यवस्थापक विहिरीवर होते. वेळ होता. मी मावशींजवळ गेलो आणि हळूच म्हणालो, "अनवाणी नाचते असं कबूल केलं होतं हो तिनं. आता शब्द फिरवतेय." मग बाईंकडे गेलो आणि इंग्रजीत म्हणालो, "इथे चामड्याला बंदी आहे असं ह्या आत्ता सांगताहेत. सकाळपर्यंत काही म्हणत नव्हत्या."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. दोघींच्या नजरेत एकच गोष्ट होती, आणि ती मी तिथे ठेवली होती.

भांडण होईल असं मला वाटलं. पण मावशी पुढे आल्या, बाईंच्या पुढ्यात उकिडव्या बसल्या आणि त्यांनी एक बूट उचलला. उलटा केला, वास घेतला. त्याचं टणक टोक तिवड्यावर ठोकून पाहिलं. टक्‌ आवाज झाला. "ह्यात लाकूड हाय?" त्यांनी विचारलं. मी बाईंना विचारलं. लाकूड नाही, खळीत बुडवून वाळवलेलं कापड, असं त्या म्हणाल्या. मी ते सांगितलं. मावशी खुलल्या. "खल? आमी धोतराला घालतो ती?" मग बूट पालथा करून त्यांनी तळव्याला शिवलेली चामड्याची पट्टी शोधून काढली. बोटभर रुंदीची. "एवढंच चामडं हाय. हे काढा म्हनावं. कापडाला माजी ना नाय. कापड म्हंजे काय पायतान नव्हं."

मागून कोणीतरी म्हणालं, "मावशीनं निवाडा केला. तालुक्याला जायाला नको." एका माणसानं मावशींच्या घरातून विळा आणून दिला.

मी बाईंना निवाडा सांगितला. त्यांनी विळ्याकडे पाहिलं, मग बुटाकडे. त्या हळू म्हणाल्या, "त्यांना सांगा, ही माझी शेवटची जोडी आहे. बोटींवर आता फक्त सैनिक असतात. बूट येत नाहीत. पट्टी काढली तर ही जोडी आजच्या दिवसापुरतीच. त्यांना विचारा, दुसरं काही करता येईल का."

"काय म्हनतेय?" मावशींनी विचारलं.

तेवढ्यात व्यवस्थापक रुमालानं मान पुसत विहिरीकडून आले आणि त्यांनी घड्याळ पाहिलं.

"चालेल म्हणतात," मी म्हणालो.

मावशी कशा होत्या हे मला पुढे कळलं. ऐकलं असतं तर त्यांनी खळ्यावर गोधड्या अंथरल्या असत्या, नाहीतर घराचं दार काढून आणलं असतं. मी त्यांना ऐकूच दिलं नाही. बाईंनी मावशींच्या तोंडाकडे पाहिलं, त्या विळ्याकडे बोट दाखवून मान डोलावत होत्या. बाईंनी विळा घेतला आणि शिवण उसवून दोन्ही पट्ट्या कापून काढल्या. त्यांनी बरोबर आणलेल्या ग्रामोफोनची चावी मी फिरवली.

नाच सुरू झाला. शेणानं सारवलेल्या त्या जमिनीवर बाई बोटांच्या टोकावर उभ्या राहिल्या आणि काठाकाठानं अशा गेल्या की रांगोळी हलली नाही. कोणीतरी म्हणालं, "पाय भाजतायत वाटतं." पण चेष्टा पुढे गेली नाही. मग संगीत बदललं. टँगोला जोडीदार लागतो आणि जोडीदार युद्धात कुठेतरी पांगला होता. बाई सरळ तिवड्याकडे गेल्या. त्याच्यापुढे थांबल्या. मान फिरवली, पाठ केली, चार पावलं दूर गेल्या, वळल्या, झपाट्यानं परत आल्या आणि त्याच्या छातीवर हात ठेवावा तसा त्यावर हात ठेवला.

"नवरा दिसतोय," एक म्हातारा म्हणाला.

"बोलत नाय काय नाय. नवराच हाय."

"मावशे, ती तिवड्याला हात लावतेय गो."

"लावू दे," मावशी म्हणाल्या. डोळे खळ्यावरून हलले नाहीत. "हलवत नाय ना."

मावशींचा एक म्हातारा पांढरा बैल उडवीच्या आडोशाला सैल बांधलेला होता. बारा वर्षं तो त्या घरच्या तिवड्याभोवती फिरला होता. खळ्यात कोणीतरी तिवड्याभोवती फिरतंय हे त्यानं पाहिलं, दावं सोडवलं आणि कोणी उठायच्या आत तो खळ्यात येऊन बाईंच्या मागे चालू लागला. त्याची चाल ठरलेली, संथ. बाईंनी गिरकी घेताना त्याला पाहिलं. थांबल्या नाहीत. त्या तिवड्यावर रुसून बैलाकडे गेल्या, बैलावर रुसून तिवड्याकडे आल्या. बैलानं मान हलवली तेव्हा लोकांनी हसून हसून उडवी पाडायची बाकी ठेवली होती. माझे वडील, जे माझ्या लग्नातही हसले नाहीत, त्यांनी तोंडाला उपरणं लावलं.

रेकॉर्ड संपली. बैल आणखी दोन फेरे मारून थांबला. व्यवस्थापकांच्या डोळ्यांत हसून पाणी आलं होतं. त्यांनी बाईंचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "बैल सोडून सगळं पसंत. महिन्याअखेर या. बोटांवरचं काम मला हवं आहे. ते मुंबईत सध्या कोणी करत नाही." ती सारी माणसं माझ्या पाठीवर थाप मारून गेली. बाईंनी बूट पिशवीत ठेवले. तळवा दोन्हींचा भुईमुगाच्या शेंगेसारखा उकलला होता.

महिन्याअखेर त्या गेल्या खऱ्या, पण बूट नव्हते. कोणा मोच्यानं शिवून दिलेली पट्टी बोटांवर उभं राहताच निघाली. ती जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. बाईंनी मुंबईत मुलींच्या नाचाच्या वर्गात काम धरलं. पियानोशेजारी उभं राहून टाळ्या वाजवत आकडे मोजायचे. हे त्यांनीच मला पत्रानं कळवलं. त्या पत्राच्या शेवटी त्यांनी माझे आभार मानले होते. गावानं शब्द फिरवला तरी तुम्ही माझ्या बाजूनं उभे राहिलात, असं लिहिलं होतं.

त्या पत्रानंतर मला सापगावचं ताक प्यायला होईना. मी मुरबाडच्या शाळेत बदली मागून घेतली. घरचे म्हणाले, पोरगं आईबापांच्या ओढीनं आलं. मी त्यांनाही तसं समजू दिलं. ते माझं आणखी एक खोटं.

युद्ध संपलं. पुढच्या दिवाळीनंतर बाईंचं पत्र आलं. त्यांना बोटीत जागा मिळाली होती. जाण्याआधी सापगावच्या त्या बाईंना एकदा भेटायचं होतं आणि मधे बोलायला मी हवा होतो. दोन रात्री झोप नव्हती. तापाचं निमित्त सांगावं असंही मनात आलं. शेवटी गेलो.

मावशींचं खळं तसंच सारवलेलं होतं, तिवडा तोच. बैल गेला होता. बाईंनी चार पावलं आधीच चपला काढल्या आणि अनवाणी खळ्यात उतरल्या. तळपाय जमिनीवरून हळूच फिरवला. "अशी जमीन मला मुंबईत कुठे मिळाली नाही," त्या मला म्हणाल्या. "कशाची आहे हो ही?"

"शेणाची," मी म्हणालो. त्या दिवसातलं ते माझं पहिलं खरं वाक्य.

"सुरेख आहे," बाई म्हणाल्या. मग मावशींकडे पाहत त्या बोलू लागल्या, वाक्यं ठरवून आणली असावीत तशा. "ह्यांना सांगा, त्या दिवशी ह्यांनी आयत्या वेळी शब्द बदलला म्हणून मी फार दिवस मनात राग धरला होता. आता तो नाही. त्यांची काही श्रद्धा असेल. मी ते विसरले आहे."

मावशी माझ्याकडे बघत होत्या. माझी जुनी सवय आपोआप पुढे आली. "भात कसं आलंय विचारतात," मी म्हणालो.

"भात बरं हाय," मावशी म्हणाल्या. "एवढा येळ बोलली ती भातासाठी?" मग त्या घरात गेल्या आणि एक फडकं घेऊन आल्या. त्यात दोन चामड्याच्या पट्ट्या होत्या. चुलीवरच्या आढ्याला खोचून ठेवलेल्या, धुरानं काळ्या पडलेल्या. "तिला सांगा मास्तर, तू शब्द फिरवलास ते मी कवाच सोडून दिलं. पन पाव्हनीला सोताच्या हातानं बूट कापाया लावलं ते माज्या जिवाला लागून ऱ्हायलं. हे जपून ठेवलंय. शिवून घे म्हनावं."

बाईंनी पट्ट्या हातात घेतल्या, ओळखल्या, आणि त्यांचा चेहरा बदलला. "काय म्हणाल्या त्या?" त्यांनी विचारलं. "सगळं सांगा."

दोघी एकमेकींना क्षमा करत होत्या, ज्या गोष्टी दोघींपैकी कोणी केल्याच नव्हत्या त्यांच्याबद्दल. मी आणखी एकदा गप्प राहिलो असतो तर दोघीही सुखानं घरी गेल्या असत्या. मी चपला काढल्या आणि खळ्यात उतरलो.

"मावशी," मी म्हणालो, "ह्या बाईंनी शब्द फिरवलाच नव्हता. अनवाणी नाचायचं आहे हे मी त्यांना कधी सांगितलंच नाही. आणि ती त्यांची शेवटची जोडी होती. दुसरं काही करता येईल का, असं त्यांनी तुम्हाला विचारायला सांगितलं होतं. मी विचारलं नाही. ते बूट तुम्ही कापायला लावले नाहीत, मी लावले. माझं चुकलं. मला माफ करा."

मावशींनी रिकामं फडकं झटकून खांद्यावर टाकलं. "आता तिला सांगा," त्या म्हणाल्या. "आन् ह्या टायमाला मधलं काय खाऊ नका."

मी बाईंकडे वळलो. माझ्या मोडक्या इंग्रजीत मी त्यांना सगळं सांगितलं: दोन हो, शेण, वखारीतल्या फळ्या, विहिरीवर गेलेले व्यवस्थापक, आत्ता विचारलेलं भातसुद्धा. काही खाल्लं नाही. शेवटी म्हणालो, "तुमचे बूट मी कापले. मला माफ करा."